रुग्णसेवकाची तपासणी : हक्क कोणाचा व ऋण कोणाचे?

मराठवाड्यातील खेडोपाडीच्या आमच्या कुटुंबांतून पुष्कळ मुली व मुलगे परिचर्येचे शिक्षण घेऊन छत्रपती संभाजीनगर येथील इस्पितळांत नोकरीस जातात. कोणी सिस्टर म्हणून जाते, कोणी ब्रदर म्हणून, कोणी प्रयोगशाळेत, तर कोणी वॉर्डातील मावशी वा मामा म्हणून. नेमणुकीचा कागद हाती पडला म्हणजे घरात आनंद होतो. परंतु त्या आनंदात लवकरच एक धास्ती मिसळते. कारण कामावर रुजू होण्यापूर्वी शारीरिक पात्रतेचा दाखला आणावा लागतो. छातीच्या फोटोत काही निघाले तर? आजोबांस क्षय होता, त्याची काही खूण आपल्या छातीत राहिली असेल तर? नोकरी तर जाईलच. शिवाय गावात बोभाटा होईल, आणि उद्या सोयरीक जुळवितानाही ती गोष्ट आड येईल. अशा विचाराने कित्येकांची झोप उडते.

या धास्तीस केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारणे आम्हांस योग्य वाटत नाही. तिच्या मुळाशी एक खरा नैतिक प्रश्न आहे. दुसऱ्या मनुष्याचे शरीर तपासून पाहण्याचा हक्क कोणास पोचतो, आणि तो कोणत्या अटीवर पोचतो? आणि तपासणीत जे सापडेल त्याचा भार कोणी वाहावयाचा? या प्रश्नाचा विचार आज वाचकांबरोबर करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सरकारी नोकरीत नव्याने येणाऱ्यास वैद्यकीय पात्रतेचे प्रमाणपत्र द्यावे लागते, हा नियम जुना आहे. खाजगी इस्पितळांपैकी ज्यांस राष्ट्रीय मानांकन हवे असते, त्यांनाही कर्मचाऱ्यांची नेमणुकीच्या वेळी व पुढे ठराविक काळाने आरोग्यतपासणी करावी लागते. उंची, वजन, दृष्टी, रक्त, लघवी आणि छातीचा फोटो हे त्यातील नेहमीचे भाग होत. काही ठिकाणी हाताच्या कातडीत क्षयाच्या कसोटीची सुई टोचतात व दोन-तीन दिवसांनी तेथे उठलेल्या गाठीचे माप घेतात. परदेशी जाणाऱ्या परिचारिकेस तर या कसोट्यांवाचून पाऊलही टाकता येत नाही.

हे सर्व कशासाठी? २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे डॉ. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू सापडल्याचे जाहीर केले. तोपर्यंत हा रोग घराण्यातून उतरतो, किंवा नशिबाने येतो, असे लोक समजत असत. तो जंतूमुळे होतो आणि रोग्याच्या खोकण्याबोलण्यातून हवेत उडणाऱ्या सूक्ष्म कणांवाटे दुसऱ्याच्या छातीत शिरतो, हे आता सर्वांस ठाऊक आहे. बाजारात किंवा एस. टी. गाडीत जो खोकतो त्याच्यापासून मनुष्य दूर सरकू शकतो. खाटेवर पडलेला रोगी कोठे सरकणार? नुकते जन्मलेले मूल, मधुमेहाने खंगलेला म्हातारा, कर्करोगावरील औषधांनी ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे असा मनुष्य, यांच्या तोंडाशी वाकून त्यांची सेवा करणाऱ्याचा श्वास निर्मळ असावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे नाही.

कोणी म्हणेल, माझे शरीर माझे आहे. त्यात काय आहे व काय नाही हे मालकास पाहण्याचे कारण काय? हा आक्षेप हलका नाही. परंतु एस. टी. च्या चालकाची दृष्टी तपासतात तेव्हा आपण तक्रार करीत नाही. त्याने आपल्या घरी दिवा लावून वाचावे की अंधारात बसावे, हा त्याचा प्रश्न आहे. पण पन्नास माणसांचे प्राण हाती घेऊन तो रस्त्यावर निघतो तेव्हा त्याचे डोळे त्याच्या एकट्याचे राहत नाहीत. त्याचप्रमाणे जो असहाय मनुष्याच्या सेवेचे पद स्वीकारतो, तो आपल्या शरीराविषयी काही अंशी उत्तरदायी होतो. तपासणी या पदाच्या अंगभूत आहे. तो सेवकाचा अपमान नव्हे.

या बाबतीत न्यूयॉर्क शहरातील मेरी मॅलन या आयरिश स्वयंपाकिणीची हकीकत विचार करण्यासारखी आहे. ती स्वतः धडधाकट होती, पण तिच्या पोटात विषमज्वराचे जंतू वस्ती करून होते, आणि ती जेथे जेथे रांधीत असे तेथे तेथे लोक आजारी पडत. १९०७ साली तिला पकडून एका बेटावर ठेविले. १९१० साली, पुन्हा स्वयंपाकाचे काम करणार नाही, या वचनावर तिला सोडले. परंतु धुलाईच्या कामात तिला स्वयंपाकापेक्षा कमी पैसे मिळत. शेवटी तिने नाव बदलले व ती पुन्हा स्वयंपाक करू लागली. १९१५ साली ती सापडली तेव्हा एका प्रसूतिगृहाच्या भटारखान्यात कामास होती, आणि तेथील पंचवीसएक माणसांस ताप येऊन त्यांतील दोघे दगावले होते. त्यानंतर १९३८ साली मरेपर्यंत ती त्याच बेटावर राहिली.

या हकीकतीतून लोक बहुधा एकच बोध घेतात, तो हा की, आजार लपविणे घातक आहे. तो बोध खरा आहे. परंतु दुसरा बोधही तितकाच खरा आहे. सरकारने तिला तपासले, तिच्या शरीरातील दोष तिला सांगितला, तिचा धंदा बंद केला. पण पूर्वीइतकी मिळकत देणारे दुसरे काम तिला मिळवून दिले नाही. ज्याच्या तोंडचा घास काढून घेतला, त्याच्या वचनावर रुग्णांचे रक्षण अवलंबून ठेविले. आमच्या सर्व विवेचनाचा कणा हाच आहे : जो तपासतो, तो तपासणीत जे सापडेल त्याने बांधला जातो. हे बंधन जो मान्य करीत नाही, त्याचा तपासण्याचा हक्कही अपुरा आहे.

आता तपासणीत खरोखर काय सापडते, ते पाहिले पाहिजे. कारण अर्धवट समजलेली कसोटी पुष्कळ अन्यायास कारण होते. क्षयाचे जंतू शरीरात शिरणे ही एक गोष्ट, आणि क्षयरोग होणे ही दुसरी. कातडीतील सुईची कसोटी फक्त एवढेच दाखविते की, शरीराचा त्या जंतूंशी परिचय झालेला आहे. ज्यांच्या शरीरात जंतू निद्रिस्त आहेत अशा शंभरांपैकी पाच ते दहांनाच उभ्या आयुष्यात प्रत्यक्ष रोग होतो. बाकीचे सुखरूप राहतात आणि दुसऱ्या कोणास रोग देत नाहीत. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात जी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांपैकी शेकडा ३१.३ लोकांत असा संसर्ग आढळला. म्हणजे एखाद्या गावच्या चावडीसमोर मोठी माणसे जमली, तर दर तिघांत जवळजवळ एक जण या कसोटीत सापडावा.

इस्पितळात काम करणाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयात ७२६ आरोग्यसेवकांची तपासणी झाली व तिचा वृत्तांत २००५ साली प्रसिद्ध झाला. सुईची व रक्ताची अशा दोन कसोट्यांपैकी एकीत तरी सुमारे निम्मे लोक संसर्ग झालेले आढळले. आणि ज्यांची सेवा जितकी जुनी, त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण तितके अधिक होते. या आकड्यांकडे वाचकांनी क्षणभर लक्ष द्यावे. केवळ संसर्ग आहे म्हणून मनुष्यास अपात्र ठरवावयाचे म्हटले, तर सेवाग्रामसारख्या ठिकाणी निम्मे सेवक घरी पाठवावे लागतील, आणि त्यांतही जे सर्वांत अनुभवी ते आधी जातील. यावरून हे उघड आहे की, ही कसोटी मनुष्यास दाराबाहेर काढण्यासाठी केलेलीच नाही. आणखी तपास करावा की काय, आणि पुढे रोग होऊ नये म्हणून औषध द्यावे की काय, हे ठरविण्यास ती उपयोगी पडते. प्रत्यक्ष रोग आहे किंवा नाही हे छातीचा फोटो, थुंकीची तपासणी आणि रोग्याची लक्षणे यांवरूनच ठरते. थुंकीची तपासणी आता पूर्वीपेक्षा फार लवकर होते. गोव्यातील एका कंपनीने बनविलेले ट्रूनॅट नावाचे लहान यंत्र काही तासांच्या आत जंतू आहेत की नाहीत, आणि ते मुख्य औषधास दाद देतील की नाही, हे सांगते.

याच्या उलट एक उदाहरण आखाती देशांचे आहे. तेथे नोकरीस जाणाऱ्यांच्या छातीच्या फोटोत जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा वण दिसला तरी त्यास अपात्र ठरविण्यात येते. मनुष्याने सहा महिने नेमाने औषध घेतले, तो पूर्ण बरा झाला, त्याच्यापासून कोणास धोका उरला नाही. तरीही वण हाच जणू अपराध ठरतो. नांगरताना पायास झालेली जखम भरून आली असता, वण दिसतो म्हणून त्या शेतकऱ्यास लंगडा म्हणावे, त्यातलाच हा प्रकार आहे.

अमेरिकेत डॉ. एडवर्ड ट्रूडो यांस तरुणपणीच क्षय झाला. त्यांनी १८८५ साली सॅरॅनॅक लेक येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले, आणि स्वतः तो रोग अंगावर वागवीत १९१५ साली मरण येईपर्यंत ते रोग्यांची सेवा करीत राहिले. वणावरून माणूस पारखण्याची रीत त्यांस लावली असती, तर असंख्य रोग्यांचा आधार नाहीसा झाला असता.

येथे महाराष्ट्राच्या एका कन्येची आठवण होणे साहजिक आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेतली. कोल्हापूर येथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्याचे ठरले होते. परंतु त्या क्षयाने खंगूनच स्वदेशी परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसता, वारल्या. त्या वेळी कॉख यांचा शोध अवघा पाच वर्षांचा होता, आणि औषध तर मुळीच नव्हते. रोगी स्त्रियांमध्ये त्यांनी त्या स्थितीत काम करावे, असे कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाही. परंतु तेव्हा ‘थांबा’ म्हणण्याचा अर्थ ‘मरा’ एवढाच होता. पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडले, १९५२ साली आयसोनियाझिड उपयोगात आले, आणि आज साध्या क्षयावर सहा महिन्यांचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आज आनंदीबाईंस तोच रोग झाला असता तर त्यांनी काही काळ घरी राहून औषध घेतले असते व नंतर आपला वॉर्ड सांभाळला असता. औषध नसलेल्या काळातील भीती औषधाच्या काळात चालू ठेवणे, हा केवळ अज्ञानाचा दोष नसून तो अन्याय होय.

ही गोष्ट अनुमानाची नाही. १९५६ साली मद्रास येथे क्षयावरील औषधोपचाराचे केंद्र सुरू झाले, आणि तेथे काही रोग्यांस आरोग्यधामात व काहींस आपल्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे देण्यात आली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतावरून दिसून आले की, घरी राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले; आणि त्यांच्या घरच्या मंडळीस आरोग्यधामातील रोग्यांच्या घरच्यांपेक्षा अधिक धोका पोचला नाही. याचे कारण असे की, योग्य औषध सुरू झाल्यावर रोग्यापासून दुसऱ्यास होणारा धोका थोड्याच आठवड्यांत पुष्कळ कमी होतो. काही क्षय औषधास सहज दाद देत नाहीत. तेथे अधिक काळ व अधिक काळजी लागते, हे खरे. परंतु साधारण नियम हा की, क्षय झालेल्या सेवकास कामापासून दूर राहावे लागते ते काही काळ, कायमचे नव्हे.

आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. इस्पितळाच्या दारात उभे राहून आपण नेहमी असे विचारतो की, हा सेवक आत रोग घेऊन येत आहे काय? पण सेवाग्रामचे आकडे दुसराच प्रश्न विचारावयास लावितात. सेवकास हा संसर्ग पुष्कळदा आतूनच होत असेल तर? आमच्या शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले, आणि त्याच्या रुग्णालयास सारा मराठवाडा ‘घाटी’ या नावाने ओळखतो. जालना, बीड, परभणी येथून, तसेच बुलढाणा, जळगाव व अहिल्यानगर या बाजूंनी रोगी तेथे येतात. कोण कोणता रोग घेऊन आला हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. निदान होण्यापूर्वीच त्याची खाट घालणारी, त्याचे तोंड पुसणारी, त्याची थुंकी नेणारी व्यक्ती ही परिचारिका किंवा मावशीच असते. मुंबईच्या शिवडी येथील क्षयरुग्णालयात तर कित्येक कर्मचारी स्वतः क्षयाने आजारी पडले व काही दगावले, हे वृत्तपत्रांतून वारंवार प्रसिद्ध झालेले आहे. आरोग्यसेवेच्या कामात जडणारा संसर्गजन्य रोग हा व्यवसायजन्य रोग होय, हे तत्त्व कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने परिशिष्टात नमूद झाले होते. म्हणजे कायद्यासही ही गोष्ट कबूल होती.

असे असता नेमणुकीच्या वेळची तपासणी दोन तऱ्हांनी वापरता येते. प्रामाणिक संस्था असे म्हणते की, ही मुलगी निरोगी आली. उद्या तिच्या छातीत काही निघाले तर ते आमच्या वॉर्डाने तिला दिले, आणि म्हणून ते आमचे ऋण आहे. दुसरी संस्था एकदाच तपासते, कागद कपाटात ठेवते, व पुढे मुलगी आजारी पडली म्हणजे ‘तुझे तू पाहा’ म्हणते. कागद एकच, फोटो एकच. परंतु पहिल्या ठिकाणी तपासणी सेवकाचे रक्षण करते, आणि दुसऱ्या ठिकाणी ती केवळ मालकाची ढाल होते.

आपल्या धर्मग्रंथात लेवीय नावाच्या पुस्तकात त्वचेच्या रोग्याविषयी जे नियम आहेत, ते पुष्कळांस कठोर वाटतात. याजकाने तपासावे आणि रोग असल्यास त्या मनुष्यास छावणीबाहेर राहावयास लावावे, एवढेच लोकांच्या ध्यानात असते. परंतु लगेच पुढच्या अध्यायात असे आहे की, तो मनुष्य बरा झाला म्हणजे त्याच याजकाने छावणीबाहेर जाऊन त्यास पुन्हा तपासावे, आणि विधिपूर्वक आत घ्यावे. ज्याने बाहेर धाडले त्याच्यावरच परत आणण्याचे काम सोपविलेले आहे. बाहेर जाण्याचे दार व आत येण्याचे दार, अशी दोन्ही दारे असतील तरच ती तपासणी; एकच दार असेल तर ती केवळ हकालपट्टी.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली एका प्रकरणात जवळजवळ हेच तत्त्व कायद्याच्या भाषेत सांगितले. एका सार्वजनिक संस्थेत रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराच्या वैद्यकीय तपासणीत एच. आय. व्ही. चा संसर्ग आढळला, व त्यामुळे त्यास काम नाकारण्यात आले. न्यायालयाने त्याचे नाव गुप्त राखण्यास संमती दिली, आणि असा निर्णय दिला की, मनुष्य काम करण्यास समर्थ आहे व इतरांस त्याच्यापासून मोठा धोका नाही, तर केवळ संसर्गाच्या कारणावरून त्याची उपजीविका हिरावून घेता येत नाही. पुढे २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी ती कसोटी सक्तीची करण्यासच मनाई झाली. क्षयाची गोष्ट अगदी तशी नाही. तो हवेतून पसरतो, म्हणून त्याची तपासणी करणे रास्त आहे. परंतु न्यायालयाने जे दोन प्रश्न घालून दिले, ते क्षयाच्या बाबतीतही तेच राहतात : हा मनुष्य आज काम करू शकतो काय? त्याच्यापासून आज खरोखर धोका आहे काय? ‘आज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. काल काय होते, वा त्याच्या आजोबांस काय होते, हे विचारण्याचे प्रयोजन नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. समजा, एखाद्या खाजगी इस्पितळात कंत्राटावर काम करणाऱ्या आमच्या एका मुलीस तीन आठवडे खोकला येत आहे, संध्याकाळी कणकण असते, वजन उतरले आहे. तिला ठाऊक आहे की, सांगितले तर कंत्राटदार उद्याच दुसरी मुलगी आणील. घरी आई म्हातारी, भाऊ शिकणारा. तिने काय करावे?

कोणी दयाळूपणे म्हणेल, ज्या संस्थेने तिच्याशी न्याय केला नाही, तिच्याशी खरे बोलण्यास ती बांधलेली नाही. आम्हांस हे पटत नाही. तिच्या मौनाचे फळ संस्थेचा मालक भोगणार नाही; ते खाटेवरचे मूल भोगील, आणि त्या मुलाने तिच्याशी काही अन्याय केलेला नाही. तिच्याबरोबर पाळी करणारी दुसरी गरीब मुलगी भोगील. आणि ती स्वतः भोगील, कारण लवकर सापडलेला क्षय सहा महिन्यांत बरा होतो व दडविलेला क्षय फुप्फुस पोखरीत जातो. म्हणून तिने सांगितलेच पाहिजे, असे आम्ही निःसंकोच म्हणतो.

परंतु असे म्हणणारा मनुष्य तेवढ्यावरच मोकळा होत नाही. तिने खरे बोलावे असा आग्रह धरणाऱ्याने तिच्या घरची चूल पेटती ठेवण्याचा भारही उचलला पाहिजे. पोट भरलेल्याने उपाशी मनुष्यास सत्याचा उपदेश करणे सोपे असते. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, क्षयाची लक्षणे असलेल्या शंभर माणसांपैकी जवळजवळ चौसष्टांनी कोणत्याही दवाखान्याची पायरी चढली नव्हती. त्यांतील पुष्कळांनी खोकल्याकडे दुर्लक्ष केले असेल. पण रोजगाराच्या व लोकापवादाच्या भीतीने गप्प राहिलेले थोडे नसावेत. सत्य बोलणाऱ्यास जेथे शिक्षा होते, तेथे सत्य बोलणारे कमी होतात, आणि मग कितीही दाखले गोळा केले तरी वॉर्डातील हवा निर्मळ होत नाही. कडकपणाने रोग्याचे रक्षण होते असे संस्थाचालकांस वाटते. वस्तुतः भयाने गप्प बसलेला सेवक हाच रोग्यास सर्वांत मोठा धोका आहे.

यास्तव काही व्यावहारिक गोष्टी सांगून आम्ही हे विवेचन आटोपते घेतो.

ज्या मुलीमुलांस अशा नोकरीवर जावयाचे आहे, त्यांनी तपासणीस भिऊ नये, व कोठूनही पैसे देऊन खोटा दाखला आणू नये. नेमणुकीच्या वेळच्या फोटोची व अहवालांची प्रत मागून घेऊन ती घरी जपून ठेवावी. पुढे आजार झाल्यास तोच तुमचा पुरावा होय. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर वाट न पाहता थुंकी तपासून घ्यावी. औषध सुरू झाले म्हणजे मध्येच सोडू नये. औषध चालू असेपर्यंत सकस आहारासाठी सरकारकडून मिळणारी दरमहा मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १००० रुपये झाली आहे. ती मागण्यात कमीपणा नाही. ज्यांचा कामगार विमा आहे, त्यांस क्षयासाठी लांब मुदतीचा आजारभत्ता मिळू शकतो. त्याची चौकशी करावी.

आमच्यापैकी जे कोणी एखाद्या दवाखान्याच्या, शाळेच्या वा वसतिगृहाच्या कमिटीवर बसतात, त्यांनी पुढील बैठकीत चार प्रश्न विचारावेत. तपासणी सर्वांची होते काय, की सिस्टरची होते आणि झाडलोट करणाऱ्या मावशीची होत नाही? तपासणीचा खर्च कोण सोसतो? अहवाल गुप्त राहतो काय, की तो व्हरांड्यात सर्वांच्या तोंडी होतो? आणि आजारी निघालेल्या सेवकाचे काम व पगार राखून ठेवण्याचा लेखी नियम आहे काय? या प्रश्नांस उत्तर नसेल तर तपासणीची सक्ती करण्याआधी उत्तर तयार करावे.

तसेच खिडक्यांकडे लक्ष द्यावे. पेरू देशातील लिमा शहरी इस्पितळांच्या खोल्यांतील हवा मोजण्यात आली व तो वृत्तांत २००७ साली प्रसिद्ध झाला. १९५० पूर्वी बांधलेल्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत, दारेखिडक्या उघडल्या असता, यंत्राने हवा खेळविणाऱ्या नव्या खोल्यांपेक्षा पुष्कळ अधिक हवा बदलते, असे आढळले. जे काम दहा दाखल्यांनी होत नाही, ते कधी कधी एका उघड्या खिडकीने होते. सेवकाची छाती पाहणाऱ्या संस्थेने आपल्या भिंतीही पाहाव्यात.

शेवटी गावच्या मंडळीस आमची विनंती आहे. तुमची मुलगी शहरातून क्षय घेऊन परत आली, तर तिचे पाप शोधू नका, आणि तिची थाळी वेगळी मांडू नका. हा रोग थाळीतून पसरत नाही. ती दुसऱ्यांच्या आजाऱ्यांची सेवा करीत असता आजारी पडली आहे. लढाईत जखमी झालेल्या शिपायास गाव मानाने घरी आणते. तिलाही त्याच मानाने आणा. सहा महिने तिच्या औषधाची आठवण ठेवा, तिच्या आईस धान्याची कमतरता पडू देऊ नका, आणि ती बरी झाली म्हणजे तिला पुन्हा कामावर पोचवा. असे गाव तिच्या पाठीशी आहे हे ठाऊक असेल, तर पुढच्या मुलीस तपासणीच्या खोलीत शिरताना खरे बोलण्याचे धैर्य होईल. आणि त्या खऱ्या बोलण्यानेच अनोळखी रोग्यांचे प्राण वाचतील.